ओवाळणीतली शेळी

भागवतनं कंपनीतून आलेलं दिवाळीचं पाकीट उलटं केलं, झटकलं, एक डोळा मिटून आत पाहिलं. एक जाड कागद सोडला तर आत काहीही नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, 'यंदाच्या दिवाळीत आपली भेटवस्तू आम्ही आपल्या वतीने एका गरजू महिलेस देत आहोत. एक शेळी. आपल्या दातृत्वास सलाम!'

"कुणाचं दातृत्व?" भागवत ओरडला. "मला इचारलं का कुणी?"

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. पगार चांगला, घर स्वतःचं. गरीब नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला उगाच त्याची दया यायची. पण खिशात गेलेला त्याचा हात रिकामाच बाहेर यायचा. धाकटी बहीण दैवशाला टेंभुर्णीला दिलेली. तिची भाऊबीज त्यानं गेली नऊ वर्षं कंपनीच्या भेटीवर उरकली होती. एका साली कुकर, एका साली स्टीलचे डबे, गेल्या साली मिक्सर. कंपनीकडून आलेलं खोकं तसंच्या तसं दैवशालाच्या हातात जायचं आणि ती सगळी गल्ली गोळा करून म्हणायची, "माझ्या दादानं आणलं!" त्या एका वाक्याची भागवतला भारी गोडी. त्याचं एवढं कौतुक जगात दुसरं कुणी करत नव्हतं, बायको नंदाबाई तर मुळीच नाही.

"यंदा खिशातून घ्या की एखादी साडी," नंदाबाई म्हणाली. "घर गहाण पडत न्हाई साडीनं."

"येडी का काय तू? मिक्सरनंतर साडी? गल्ली काय म्हणंल?"

"मंग द्या तो कागद. चूल पेटवाया तरी व्हईल तिला."

दुसऱ्या दिवशी गोदामात पोती मोजता मोजता भागवतच्या डोक्यात उजेड पडला. शेळी आपल्या नावाची. कुणाला तरी देणारच. मग दैवशालानं काय घोडं मारलंय? त्यानं तिथूनच फोन लावला. "शाले, यंदा तुला शेळी आणून राह्यलो!"

"शेळी?" दैवशाला फोनवरच किंचाळली. "दादा, एवढा खर्चा कशाला रे?" आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत ती बातमी फिरली.

मग भागवत आकांक्षा मॅडमकडे गेला. कंपनीचं दानधर्माचं खातं ही मुलगी सांभाळायची. नुकतीच शहरातून आलेली, उत्साहानं नुसती उतू चाललेली.

"मॅडम, टेंभुर्णीत एक बाई हाय. लई गरजू. माझी शेळी तिलाच द्या."

"तुमच्या नात्यातल्या आहेत का?"

"छे छे! नात्यातली कशाला?"

"नाही, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना देता येत नाही. कुणी तसं केलं तर साहेब नोकरीवरून काढतील. हा फॉर्म भरा."

आता मागं फिरायचं तर गल्लीत बोभाटा झालेला. भागवत फॉर्म घेऊन बसला. पतीचं उत्पन्न? दैवशालाचा नवरा कल्याण याची पिठाची गिरणी होती. ती लिहिली की शेळी गेली. भागवतनं लिहिलं, 'काही करत नाही.' कारण? 'दारू.' कल्याणच्या गळ्यात तुळशीची माळ होती, पण माळेसाठी फॉर्मात जागा नव्हती. घर? 'गळकं.' शेवटी विचारलं होतं, माहेरचा आधार आहे का? भाऊ? इथं त्याचा हात जरा अडखळला. भाऊ आहे म्हणावं तर तो काय करतो, कुठं असतो, हे आलंच. त्यानं लिहून टाकलं, 'एक भाऊ होता. वारला.' खाली सही ठोकली आणि तो चहाला गेला.

शेळी दोन दिवस आधी गुपचूप पोचेल, आपण भाऊबीजेला जाऊन मिशीवर ताव मारू, असा त्याचा हिशेब. पण धनत्रयोदशीला मॅडमचा फोन आला. "भागवत, साहेबांनी भाऊबीजेचाच मुहूर्त धरलाय! निराधार बहिणीला शेळी. फोटो किती छान येतील!"

भाऊबीजेला दुपारी भागवत टेंभुर्णीत पोचला. खरं सांगून मोकळं व्हावं असं त्याला बसमध्ये दोनदा वाटलं होतं. पण दैवशालानं शेळीसाठी खुंटा ठोकला होता, दारात रांगोळी काढली होती, त्याच्यासाठी पाट मांडला होता. "बस दादा," म्हणाली, "गल्ली वाट पाहून राह्यली." भागवत पाटावर बसला. खरं सांगायचं त्यानं ओवाळणीनंतरवर ढकललं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. आधी बॅनर उतरला, 'निराधार भगिनीस शेळीदान.' मग माईक. मग शेळी, गळ्यात झेंडूची माळ. शेवटी आकांक्षा मॅडम. दैवशाला हरखून पुढे झाली. भागवत पाटावरच आक्रसला.

मॅडमनी कागद काढून वाचायला सुरुवात केली. "दैवशालाताईंची कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी येतं. घर गळकं..."

लोकांनी वर पाहिलं. कल्याणनं गेल्याच वर्षी स्लॅब टाकला होता.

"पती दारूच्या आहारी गेलेले..."

"कोण दारू पितो?" कल्याण पिठानं माखलेले हात घेऊन पुढे आला. "ही माळ दिसती का न्हाई तुम्हाला?"

"दादा, शांत व्हा. मान्य करणं हीच पहिली पायरी असते," मॅडम मायेनं म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. "आणि ऐन भाऊबीजेला ज्यांना ओवाळायला भाऊही उरला नाही..."

"अगं बया!" शेजारची केशरबाई म्हणाली. "मंग त्यो पाटावर कोण बसलाय?"

सगळ्या माना वळल्या. मॅडमचीही वळली. "भागवत? तुम्ही इथं?" त्यांचा आवाज बदलला. "ताई, हे तुमचे भाऊ आहेत का?"

भागवतनं बहिणीकडे पाहिलं. एका शब्दात नोकरी जाणार होती. दैवशालानं मॅडमच्या हातातला कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं. मग तिनं कल्याणचा हात दाबून त्याला गप्प केलं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "भाऊ न्हाई मला. कागदावर बराबर लिहिलंय. केशरमावशीला उन्हाचं कमी दिसतं."

फोटो झाले, टाळ्या झाल्या, गाडी गेली. गल्ली कुजबुजत पांगली. कल्याण हातावरचं पीठ झटकत गिरणीवर निघून गेला. दिवस कलायला लागला तसा भागवतच्या जिवात जीव आला.

"शाले, वाचवलंस बरं का. नोकरी गेल्तीच आज." त्यानं टोपी नीट केली, पाट पुढे ओढला. "चल, ओवाळ जल्दी, बस निघून जाईल. ओवाळणी तर तुला मिळालीच."

दैवशाला निरांजनात वात घालत होती. "दादा, त्या कुकरच्या बुडाला कंपनीचं नाव होतं. डब्यांवर होतं, मिक्सरवर होतं. नऊ वर्षं वाचून राह्यले मी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कशाला बोलू? मला भाऊ हाय, माझं माहेर हाय, एवढंच दाखवायचं होतं गल्लीला. तू हातात नुसता नारळ ठेवला असता, तरी मिरवला असता मी."

भागवतनं टोपी मागं सारून कपाळ पुढे केलं. दैवशालानं निरांजन लावलं, ताट उचललं आणि त्याच्या बाजूनं निघून ती अंगणात गेली. गिरणीच्या पत्र्यावर बीजेची बारीक कोर दिसत होती. तिनं पदर सावरला आणि चंद्राला ओवाळायला सुरुवात केली.

"अगं येडे!" केशरबाई कुंपणावरून ओरडली. "ज्यांना भाऊ न्हाई त्या बाया ओवाळतात चंद्राला!"

"हो ना मावशी," दैवशाला म्हणाली. "आता लेखी झालंय ते."

आत भागवत कपाळ पुढे करून तसाच पाटावर बसला होता. उठावं की बसून राहावं, हे त्याला कुणी सांगेना.