होडी चषक : चाळीस वर्षांचा गौरवशाली इतिहास

चिवुंडे होडी चषक या धर्मादाय आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेला चाळीस वर्षं पूर्ण होत असल्याने तिचा इतिहास लिहिला जावा, असा ठराव समितीने एकमताने मंजूर केला. तो कुणी लिहावा यावरही एकमत झालं : मसुक्वा सरांनी. कारण सर बावीस वर्षं समितीचे सचिव होते आणि ठरावही त्यांनीच लिहिला होता.

योटाम मसुक्वा चिवुंडे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांनी कुणाचं एक केळं फुकट खाल्लं नाही. पण नियम म्हटला की सरांचा जीव पाघळायचा. स्वच्छ अक्षरात लिहिलेला, आकडा घातलेला, खाली जांभळा शिक्का उठवलेला नियम पाहिला की त्यांना जेवल्यासारखं वाटे. होडीच्या इंजिनाची किल्ली ते गळ्यात घालून झोपत, कारण नियम चारमध्ये तसं लिहिलं होतं.

इतिहासाचं पहिलं पान त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं. मोठं इस्पितळ सरोवराच्या पलीकडच्या काठावर. सरोवरातून इंजिनाच्या होडीने गेलं तर चाळीस मिनिटं. डोंगराला वळसा घालून ट्रकने गेलं तर अर्धा दिवस, तोही चाक रुतलं नाही तर. चाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या गोलकीपरची आई बाळंतपणात अडली आणि वल्ह्याच्या लाकडी होडक्यात, सरोवराच्या मध्यावरच दगावली. तेव्हा चार शाळांच्या मास्तरांनी ठरवलं, की पोरांचे सामने लावायचे, लोक जमवायचे आणि रुग्णांसाठी इंजिनाची होडी घ्यायची. लोकांनी मक्याच्या गोणी आणल्या, वाळवलेली उसिपा मासळी आणली, कोंबड्या आणल्या. तिसऱ्या वर्षी होडी आली. पांढरी, लाल क्रॉसची, आत निजायला स्ट्रेचर. नाव ठेवलं ‘लुसुंगू’. आमच्या भाषेत दया.

इथवर इतिहास सरळ होता. पुढे पाहुणे आले.

होडी आली म्हणजे स्पर्धेचा उद्देश संपला, अशी शंका कुणीतरी काढली होती. पण उद्देश साध्य झाला म्हणून स्पर्धा बंद करणं हा उद्देशाचाच अपमान ठरला असता. म्हणून चौथ्या वर्षी आभार मानायला प्रमुख पाहुणे बोलावले. पाहुणे पलीकडे राहणारे. त्यांना आणायचं कशातून? होडीतूनच. पाहुणे लाल क्रॉस पाहून म्हणाले, “मी काय आजारी आहे?” तेव्हापासून क्रॉसवर झेंड्याचं कापड आलं. स्ट्रेचरवर बसवेना, म्हणून ते काढून हातांची गादीदार खुर्ची बोल्टांनी पक्की केली. पाहुण्यांना आणून-नेऊन इंजिन झिजलं, आणि इंजिनाच्या दुरुस्तीसाठी स्पर्धा पुन्हा आवश्यक झाली. धर्मादाय हेतू असा शाबूत राहिला.

रुग्णांमुळे गादी खराब होते, असा अनुभव आला. म्हणून नियम सात : रुग्णास होडी हवी असल्यास समितीकडे चौदा दिवस आधी अर्ज करावा. हा नियम सरांचा. तो लिहिला त्या दिवशी त्यांनी घरी आवर्जून दोनदा वाचून दाखवला होता.

“चौदा दिवस आधी?” त्यांची बायको, न्यागोंडवे, मक्याच्या पिठाची नसिमा घोटता घोटता म्हणाली होती. “म्हणजे आजारी पडायच्या आधी?”

“माणसाने थोडं नियोजन ठेवावं,” सर म्हणाले होते.

फुटबॉलचंही तसंच झालं. पाहुणे आल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही, आणि दक्षिणेचा म्वेरा वारा सुटला की पाहुणे दुपारशिवाय यायचे नाहीत. आल्यावर प्रत्येक वक्त्याने मंचावरच्या प्रत्येक मान्यवराचं नाव हुद्द्यासकट घ्यायचं. एखादं सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मान्यवर दरवर्षी चार-पाचांनी वाढायचे. डोंगर मात्र आपल्या जागी, सूर्य पाचलाच त्याच्याआड. मैदानावर दिवे नाहीत. मग नव्वद मिनिटांचा सामना साठावर आला, साठाचा वीसवर, आणि शेवटी नुसत्या पेनल्ट्या. मागच्या वर्षी तर पाहुण्यांनी उद्घाटनाची लाथ मारली, चेंडू गोलात गेला, आणि त्यानंतर खेळण्याचा उद्धटपणा कोण करणार? सामना एक-शून्य असा पाहुण्यांनी जिंकला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे नाक गळून पडलं होतं आणि मोत्याची मिरवणूक चालू होती.

खेळाच्या शिक्षिका टिवोंगे मॅडम दरवर्षी सरांकडे येत.

“सर, पोरं वर्षभर घाम गाळतात हो. एकदा तरी पूर्ण सामना होऊ द्या.”

“त्यांना पेनल्टीचा सराव द्या ना.”

“आणि बाकीच्या पोरांनी काय करायचं?”

“टाळ्या,” सर म्हणाले. त्यांना यात विनोद दिसला नव्हता.

तर चाळिसावं वर्ष. अंतिम सामन्याची सकाळ. सर घरी बसून मान्यवरांची त्रेसष्ट नावं क्रमाने लावत होते. होडी किनाऱ्यावर पताका लावून तयार. आठला निघणार, दहाला पाहुणे येणार. तेवढ्यात न्यागोंडवे दारात आली.

“अहो, टेमवाला कळा सुरू झाल्यात.”

टेमवा ही सरांची एकुलती एक मुलगी. पहिलं बाळंतपण. जावई जोहान्सबर्गला कामावर.

“पण तारीख पुढच्या महिन्याची होती!” सर म्हणाले. तारखेने असं वागावं याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

“सुईण म्हणते मूल आडवं आलंय. तिच्याच्याने होणार नाही. पलीकडे न्यायलाच हवं, आत्ता. ट्रकने गेलो तर पोरगी हाताला लागायची नाही. किल्ली द्या!”

सरांचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. “रीतसर अर्ज...”

“अर्ज?” न्यागोंडवेचा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला. “पोटातल्या बाळाने अर्ज लिहायला हवा होता का? शाई कुठून आणणार होतं ते? अहो, बावीस वर्षं गळ्यात किल्ली बांधून हिंडलात, एकदा तरी कुणाच्या कामी येऊ द्या!”

सर उठले आणि समितीची पिशवी तेवढी उचलून, चपलाही न घालता किनाऱ्याकडे पळाले. समितीचे अध्यक्ष हारावा, पावाच्या भट्टीचे मालक, तिथे लाल टाय लावून उभे होते. सरांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

“अरेरे,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. “पण सर, नियम सात तुमचाच ना?”

“माझाच. म्हणूनच म्हणतो, अपवाद करू या.”

“तुमच्या मुलीला नेण्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो. आज तुमची मुलगी, उद्या दुसऱ्याची सून, परवा कुणाची म्हातारी. असं करत करत ही होडी रुग्णांचीच होऊन बसेल!”

हा मुद्दा सरांनीच बारा वर्षांपूर्वीच्या सभेत मांडला होता, जवळपास याच शब्दांत.

मग त्यांना नियम अकरा आठवला. पाहुण्यांना आणायला होडी रिकामी जात नाही, स्वागत शिष्टमंडळ जातं, आणि त्यात एक महिला असावी लागते. टेमवा ही महिला होती. यावर अध्यक्षांनाही हरकत घेता आली नाही. “आठला शिष्टमंडळ निघेल तेव्हा बसवा तिला,” ते उदारपणे म्हणाले. “हार मात्र तिच्या हातात द्या.”

टेमवाला चितेंजे कापडाच्या झोळीत घालून चार खेळाडूंनी किनाऱ्यावर आणलं. आठ वाजले. अध्यक्षांचा फोन वाजला. पाहुण्यांना उशीर होणार होता. ते एकला निघतील. तोवर होडीही थांबेल.

टेमवाने बापाचं मनगट धरलं. बोटं रुतत होती. “बाबा, मला एकपर्यंत दम निघणार नाही हो.”

ही पोर सहा वर्षांची असताना त्याच मनगटाला लोंबकळून मैदानावर यायची. तेव्हा सामने साठ मिनिटांचे असत आणि ती बापाच्या खांद्यावरून ओरडायची. आयुष्यात पहिल्यांदा सरांना आपल्याच नियमांचा संताप आला.

त्यांनी पिशवीतून सभांच्या इतिवृत्ताची वही काढली. आता या वहीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. समितीचे सगळे लोक कामाचे. दर सभेला सही करायला कुणाला सवड? म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच सगळे सदस्य बारा कोऱ्या पानांखाली सह्या करून मोकळे होत. मजकूर सर मागाहून भरत. बावीस वर्षांत तो कुणी वाचला नव्हता. सरांनी कोरं पान काढलं, वही होडीच्या कडेवर टेकवली आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं : ‘चाळिसाव्या स्पर्धेचे प्रमुख पाहुणे म्हणून टेमवा मसुक्वा यांच्या पोटातील बालकाची एकमताने नेमणूक करण्यात येत आहे. नियम तीनप्रमाणे प्रमुख पाहुण्यास होडी कोणत्याही क्षणी मिळण्याचा अधिकार आहे.’ मग जांभळा शिक्का मारला.

होडीवाल्या बालीकाकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पान उलटं धरून नीट पाहिलं. “शिक्का आहे ना? मग बसा. न्यागोंडवे, तिचं डोकं मांडीवर घ्या. या खुर्चीचा काही उपयोग नाही, खालीच निजवा.” सरांनी किल्ली गळ्यातून काढली. दोरी कानाला अडकली, ती त्यांनी ओढून तोडली आणि किल्ली काकांना दिली.

अध्यक्ष चहा पिऊन परतले तेव्हा होडी ठिपक्याएवढी झाली होती.

“सर! होडी?”

“प्रमुख पाहुण्यांना घेऊन गेली.”

“घ्यायला गेली म्हणा.”

“नाही. घेऊन गेली.”

दुपारी एकला खरे पाहुणे पलीकडच्या धक्क्यावर आले, तेव्हा बालीकाका बादली बादली पाण्याने होडी धूत होते. पाहुण्यांनी होडीच्या तळाकडे एकदा पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि गाडी घराकडे वळवली.

चिवुंडेत मंडप भरलेला, त्रेसष्ट खुर्च्या मांडलेल्या, आणि भाषण करायला कारणच उरलेलं नाही. अध्यक्ष डोकं धरून बसले. मग टिवोंगे मॅडमनी कुणालाच न विचारता शिट्टी वाजवली आणि दोन्ही शाळा खेळायला लागल्या. पूर्ण नव्वद मिनिटं, किती तरी वर्षांनी! मध्यंतराला सामना संपला समजून निम्मे लोक घरी गेले आणि आरडाओरडा ऐकून परत पळत आले.

“अजून किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“अजून पंचेचाळीस मिनिटं,” मॅडम म्हणाल्या.

“पण गोल झालाय की एक!”

“साहेब, अजून होऊ शकतात.”

चिवुंडेने दोन-एक असा सामना मारला. म्हाताऱ्या बायका नाचल्या. सरांनी एकही गोल पाहिला नाही. ते मैदानाकडे पाठ करून सरोवराकडे बघत उभे होते. साडेचारला न्यागोंडवेचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. सर तिथेच गवतात बसले आणि लहान पोरासारखे रडले.

चौकशी अर्थातच झाली. पण ठराव रद्द करायचा तर समितीने न वाचता सह्या केल्या असं लिहून द्यावं लागलं असतं. तेव्हा ठराव कायम राहिला. चाळिसाव्या वर्षाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून सरांच्या नातीचं नाव छापलं गेलं, मान्यवरांत सर्वांत वर. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून कोऱ्या पानांवर सह्या घेणं कायमचं बंद करावं, असाही ठराव झाला. तो सरांनी मांडला. एकदा तो दिवस सरला, आणि कोरी पानं अशी मोकळी पडलेली त्यांना बघवेनात. उरलेली त्यांनी स्वतः फाडली. किल्लीला नवी दोरी आली.

दोन महिन्यांनी एका पहाटे मासळी वाळवणारी एक बाई सरांच्या दारात आली. “सर, माझी सून अडलीय. होडी द्या हो, पाया पडते.”

सर ताडकन उठले. त्यांचा हात किल्लीवर गेला, हे मी नाकारणार नाही. मग ते म्हणाले, “अर्जावर अध्यक्षांची सही लागते. अध्यक्ष शहरात आहेत. तुम्ही ट्रकने निघा, मी अर्ज आजच दाखल करून घेतो.”

न्यागोंडवे नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, “अहो, एखादं कोरं पान उरलं असेल बघा ना.”

“एकही नाही,” सर म्हणाले.

ट्रक डोंगराच्या रस्त्याला लागला. सुनेचं पुढे काय झालं ते इतिहासात नाही. इतिहास तोवर छापून झाला होता.

टेमवाची होडी किनाऱ्यावरून सुटली तेव्हा, वाचकहो, तुमच्याही जिवात जीव आला असेल. आमच्याही आला होता. त्याआधी इतकी वर्षं त्या डोंगरावरून किती जणी गेल्या आणि किती परत आल्या, हे त्या क्षणी तुम्ही विचारलं नाहीत. आम्हीही नाही, आम्हाला सामना बघायचा होता. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर समितीने सगळ्यांचे आभार मानले आहेत. अगदी खाली, बारीक अक्षरात, ‘आणि ज्यांच्या सहकार्याविना हे शक्य नव्हतं ते समस्त प्रेक्षक’ असं छापलं आहे. त्यात आपण आलो.