अठरा किलोमीटरचा कॅमेरा

"सून आली, पण तिची ऊब काही अजून आली नाही," असं आत्या मामांना म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मी परसात वाळलेले कपडे काढत होते. त्यांच्यात आणि माझ्यात फक्त दोरीवरची चादर होती. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा; आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

आमच्या भागात मुलगी वरातीबरोबर येते आणि तिची ऊब मागाहून येते. कुणाची आठवड्यात, कुणाची पहिल्या सणाला. शेजारच्या सुनेची तर म्हणे वरातीच्या गाडीतच होती, पण त्याबद्दल लोक जरा नाक मुरडूनच बोलतात. माझ्या लग्नाला दहा महिने होऊन गेले होते. मी उठले की गादी गारच असायची. मांजर मामांच्या मांडीवर झोपायचं, माझ्या मांडीवर चढून एक गिरकी घ्यायचं आणि उतरायचं. आरोग्य केंद्रातल्या बाई माझ्या कपाळासमोर यंत्र धरायच्या तेव्हा त्यात खोलीचं तापमान यायचं. बाकी माझी तब्येत उत्तम होती.

वर्षाच्या आत ऊब पोचल्याची नोंद ग्रामपंचायतीत झाली नाही, तर मुलीचं नाव माहेरी परत जातं आणि नावामागोमाग मुलीला जावं लागतं. मला जायचं नव्हतं. माझा नवरा सुशांत मी चपात्या करत असताना शेजारी उभा राहून न सांगता तूप लावतो. मी हळू बोलते म्हणून जेवताना टीव्हीचा आवाज कमी करतो. असा माणूस सोडायचा, म्हणजे पुन्हा कुणाला तरी पहिल्यापासून शिकवत बसा.

मामांची नोकरी पाटबंधारे खात्यात, धरणाच्या पाण्याची पातळी रोज लिहिण्यात गेली. मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास नाही. मांजराच्या साक्षीवर दाखला मिळत नसतो, ते म्हणाले, यंत्र आणू. पुण्यात लष्कराचं जुनं सामान विकणारा एक व्यापारी त्यांनी शोधून काढला. मलाही बरोबर नेलं, साडी घेताना नेतात तसं.

दुकानात ऊब दाखवणारे दोन कॅमेरे होते. लहान होता तो पाचशे मीटरपर्यंत बघायचा. मोठा तिकाटण्यावर उभा होता, मामांच्या छातीएवढा, अंगावर वाळूचे ओरखडे.

"एकाच पलटणीनं वापरलेला आहे, साहेब," व्यापारी म्हणाला. "अठरा किलोमीटरवरचा उंट दिसतो यात."

"आमच्याकडे उंट नाही," मामा म्हणाले. "सून आहे."

सुनेसाठी बरेच जण नेतात, असं व्यापारी म्हणाला, पण घरच्या वापराला लहानच बरा. मामांना ते पटलं नाही. घ्यायचाच तर मोठा घ्यावा, मागे कुकर घेतानाही आम्ही तेच केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. तो कुकर अजून माळ्यावर आहे.

कॅमेरा गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी बसवला. मला समोर उभं केलं. पडद्यावर नुसतं दूध सांडल्यासारखं दिसलं. मामांनी माहितीपुस्तक दोनदा वाचलं, तेव्हा कळलं की दोन किलोमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. शत्रू इतक्या जवळ आल्यावर त्याच्याकडे बघण्यात अर्थ नसतो, असा लष्कराचा विचार असावा.

मग मला बघण्यासाठी मला लांब पाठवावं लागलं. भैरोबाचा माळ घरापासून अडीच किलोमीटरवर, आणि गच्चीतून सरळ दिसतो. सुशांत मोटरसायकलवरून मला घेऊन गेला. तुलना करता यावी म्हणून तोही माझ्याशेजारी उभा राहिला. मामा फोनवरून डावीकडे सरका, उजवीकडे सरका सांगत होते. पडद्यावर सुशांत स्वच्छ दिसला, आमच्यामागची शेळी दिसली. मी दिसले नाही. मामांनी वेळ घालून तसं लिहून ठेवलं.

ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी मामांचं टिपण वाचून सांगितलं की ऊब इथे नसेल तर ती कुठे आहे हे दाखवावं लागेल. म्हणून त्यांच्यादेखतच कॅमेरा धरणाच्या पलीकडे, माझ्या माहेराकडे फिरवला. रस्त्याने ते बेचाळीस किलोमीटर आहे. पाण्यावरून सरळ अकरा. वळवताना पाण्याच्या मधोमध अंगणाएवढा एक पांढरा डाग दिसला. काचेवरचा असेल, मामा म्हणाले, जुन्या मालात एवढं चालायचंच. आत्या मागे वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग माझ्या माहेरचं घर दिसलं. गरम असेल ते पांढरं आणि गार ते काळं दिसतं, हे मला एव्हाना कळलं होतं. पायरीवर दोन पांढऱ्या आकृती बसल्या होत्या. एक माझे वडील. आई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. दुसरी माझ्या उंचीची, तांदूळ निवडायला मी बसायचे तशी, एक पाय खाली सोडून. वडील जरा सरकले आणि त्यांनी तिला जागा करून दिली.

"ही बघा," मामा भाऊसाहेबांना म्हणाले. "आहे. सुरक्षित आहे."

माहेरच्या माणसाने "जा आता" म्हटलं की ऊब निघते, हे सगळ्यांना माहीत आहे. वडिलांना फोन कर, असं सगळ्यांनी मला सांगितलं. मी केला. जेवलात का विचारलं. हो म्हणाले. काय केलं होतं विचारलं. पिठलं, म्हणाले, दोघांपुरतं. मी फोन ठेवला. सुशांत एवढंच म्हणाला की बघ, तुला जमेल तसं.

वर्ष भरायला नऊ दिवस राहिले तेव्हा भाऊसाहेब रजिस्टर घेऊन आले. नोंदीच्या अर्जाला घरातल्या इतरांचाही नमुना जोडायचा होता, म्हणजे कॅमेरा बरोबर चालतो हे सिद्ध होतं. जुनी नोंद कशी असते हे दाखवायला त्यांनी आत्यांचंच पान उघडलं. नाव, माहेर जुनी वाकी, लग्नाची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात: ऊब आली असे समजण्यात आले. तेव्हा यंत्रं नव्हती, भाऊसाहेब म्हणाले, घरच्यांच्या शब्दावर लिहायचे.

सगळे भैरोबाच्या माळावर गेले. माझा नमुना झालेला होता, म्हणून कॅमेऱ्यावर मी राहिले.

पडद्यावर मामा दिसले, सरळ, हाताची घडी घातलेले. सुशांत दिसला. साक्षीला गेलेले भाऊसाहेब दिसले. मामा आणि सुशांत यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. सुशांत त्या मोकळ्या जागेकडे वाकून काहीतरी बोलत होता. मग त्याने हात पुढे केला, आत्यांचा पदर वाऱ्यानं उडाला असेल तो सारखा करायला.

मी काच पुसली. पुन्हा पाहिलं. मग कॅमेरा हळूहळू पाण्याकडे वळवला. डाग होता. मी कॅमेरा डावीकडे नेला, डाग कॅमेऱ्याबरोबर आला नाही. उजवीकडे नेला, तरी तो पाण्यावर तिथेच.

आत्यांचं माहेर, जुनी वाकी, त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी धरणात गेलं. पाणी कुठल्या दिवशी कुठल्या पायरीला लागलं हे मामांच्या वहीत आहे. मासे घेऊन येणारा आप्पा सांगतो की वाकीच्या डोक्यावर पाणी थंडीतही कोमट लागतं, मासा तिथेच जमतो. आत्या त्या माशांचं कालवण झकास करतात. स्वतः खात नाहीत.

जा आता म्हणायला तिथे कुणी राहिलेलं नाही.

सगळे परत आले, तेव्हा मी गच्चीवरून खाली आले. भाऊसाहेब खुर्चीत बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पेनाचं टोपण काढलं. मामांनी विचारलं, काय काय दिसलं. सुशांतही माझ्याकडे बघत होता. आत्या नळाखाली पाय धूत होत्या. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूत होत्या.

भाऊसाहेबांसमोर मी आजवर बोलले नव्हते. घरात बोलले होते तेही फारसं कुणाला ऐकू गेलेलं नव्हतं. सुशांतने उठून टीव्ही बंद केला.

"सगळे दिसले," मी म्हणाले. "आत्यांच्या नावापुढे जे लिहिलंय, तेच माझ्या नावापुढे लिहा. आणि मामा, कॅमेरा विकू नका. आम्हा दोघींना लागतो."