ड्यूटीवरच्या मासोळ्या

नागपूरच्या मे महिन्यात कूलरचं तोंड घराबाहेर करून बसणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, दहा वर्षं त्याच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आहे.

कूलर तेव्हा नवेनवे आले होते. ज्याच्या खिडकीत कूलर, त्याच्या घरी दुपारी पाहुण्यांची रांग. आमचे शेजारी नत्थूजी भोंगाडे यांनीही कूलर घेतला, वाळ्याच्या ताट्या लावल्या, आणि मग आम्हा चौघांना हाताशी धरून तो उलटा फिरवला. तोंड परसाकडे. परसात सिमेंटचा हौद होता आणि हौदात मासोळ्या होत्या. गार वारा मासोळ्यांना. घरात वहिनी सुपाने वारा घेत बसलेल्या.

"नत्थूजी, घरच्या माणसांचं काय?" मी विचारलं.

"माणसाले घाम येते गा. मासोळीले येते का? मंग तिनं काय करावं?"

आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, पुढच्या जन्मी मले याइची बायको नाही व्हायचं. मासोळी व्हायचं हाये."

नत्थूजी कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतांना पाणी सोडण्यात गेला. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, हे लकडगंजला गेले आणि तेलाचे सहा रिकामे ड्रम घेऊन आले. ते उभे चिरले, वहिनींचा वर्षाचा धुण्याचा सोडा संपवून घासले, विटांवर आडवे मांडले आणि गिट्टीने, म्हणजे खडीने, भरले. बर्डीच्या बाजारातून कूलरचा एक छोटा पंप आणला. हौदातलं पाणी पंपाने ड्रममध्ये चढायचं, गिट्टीतून झिरपत नळीने परत हौदात पडायचं. माती नावाला नाही. त्या गिट्टीत पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं काही तरारून यायचं की भाजीवालीने आमच्या गल्लीत येणंच सोडलं.

"यात जादू काही नाही," नत्थूजी छडी घेऊन समजावत. समोर मी असो, पोस्टमन असो, की पत्ता चुकलेला माणूस असो. "मासोळी खाते, घाण करते. घाण झाडाले जाते. झाड जेवते, पाणी धुऊन परत देते. हाये का कोणाची कटकट? आमच्या हापिसात इतकं काम होत नव्हतं."

आता हौदभर रोहू-कटला पाहून नागपुरी माणसाच्या मनात काय येणार? सावजी रस्सा. गल्लीतले लोक येता-जाता भिंतीवरून विचारत, "काहून नत्थूजी, रस्सा कधी?"

नत्थूजी लाल होत. "ड्यूटीवर हायेत त्या! ड्यूटीवरच्या माणसाले खाते का कोणी?"

मासोळ्या आणल्या तो दिवस तर मी तिकीट काढून पाहिला असता. बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, जवळच्या तलावातही मिळत होती. पण नत्थूजींना ती साठ मैलांवरच्या एका धरणातलीच हवी. का, ते सांगेनात. मला सोबत घेतलं, मच्छीमारांकडून बोटुकली घेतली आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून आम्ही एसटीत चढलो. हवा मिळावी म्हणून नत्थूजी सारखे हाताने पाणी घुसळत होते. मांडीवर कॅन, कोपरापर्यंत हात आत.

कंडक्टर म्हणाला, "काय हाये बाबाजी?"

"पाहुणे."

"मंग पाहुण्याइचं तिकीट?"

"सीट मागून राहिले का ते? उभ्यानं येऊन राहिले बिचारे."

घरी आल्यावर मी कॅन हौदात रिकामी करायला गेलो, तर माझ्या हातावर छडी. "एकदम ओतून राहिले का? नवी नवरी उंबरठ्यावर थांबते का नाही? कॅन तरंगू द्या. इथलं पाणी थोडं थोडं आत जाऊ द्या. सासर अंगवळणी पडू द्या." अर्धा तास ते सासर अंगवळणी पडत होतं. मग वहिनींनी खरंच ओवाळलं, आणि नव्या सुना पाण्यात शिरल्या.

पाण्याच्या बाबतीत माणूस महाकडक. हौदात कोणी बोट घालायचं नाही. दाणा सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ, आणि त्या मुठीचा मालक एकच.

आणि याच माणसाने, याच हौदाशी, तो अखजीचा प्रताप केला.

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी पितरांना जेवू घालतात. पुरणपोळी, वडे, चिंचवणी. कावळ्याचा घास बाहेर ठेवतात. कूलर फिरवला त्यानंतर आठवड्याभराने अखजी आली. ऊन असं की कावळेसुद्धा कुठेतरी सावलीत ड्यूटी चुकवून बसलेले. आमची ही गच्चीवर पान ठेवून काव-काव करून दमली. आणि खाली पाहते तर नत्थूजी हौदाच्या काठावर उकिडवे बसून पुरणपोळीचे तुकडे पाण्यात सोडताहेत. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

झालं! अर्ध्या तासात गल्लीभर झालं की नत्थूजींकडे पितर पाण्यात जेवतात. ज्यांच्या घरी कावळा आला नव्हता ते सगळे पान घेऊन हौदावर. मला वाटलं, आता छडी चालणार. पण नत्थूजींनी छडी खाली ठेवली. कोणाच्या मेलेल्या बापाला जेवताना उठवायचं कसं? आणि वाढणारे शेवटी नागपूरचे! एका पानाने ऐकतात होय? "आमच्या आबाले वडे भल्ले आवडे," म्हणून दुसरी फेरी. "आजीले दह्याशिवाय जमत नव्हतं," म्हणून दही. आग्रह करून करून पितर तृप्त केले आणि सगळे घरी जाऊन झोपले.

तीनच्या सुमारास लाइट गेली. पंप बंद, कूलर बंद. आणि भिंतीपलीकडून हाक आली. तशी हाक मी नत्थूजींची कधी ऐकली नव्हती.

हौद पांढरा झाला होता. वर तेलाचा तवंग. सगळ्या मासोळ्या पृष्ठभागावर तोंडं काढून हवा गिळत होत्या. तीन पोट वर करून तरंगत होत्या. नत्थूजी धोतर भिजवत पाण्यात उभे, हातांनी वेड्यासारखे पाणी घुसळत होते.

आमच्या हिने भर उन्हात गल्लीत उभं राहून आरोळी ठोकली, "उठा! ज्यानं ज्यानं वाढलं त्यानं त्यानं उपसा!"

आणि गल्ली उठली, हो. दुपारची झोप सोडून उठली! पाण्याचे गुंड, बादल्या, पातेली. कोणी खराब पाणी उपसतोय, कोणी विहिरीचं ताजं ओततोय, कोणी स्टुलावर चढून वरून धार धरतोय, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. मघाशी आबाला दुसऱ्यांदा वडे वाढणारे गृहस्थ गाळणीने तेच वडे गोळा करत होते. दिवेलागणीला लाइट आली. सात मासोळ्या गेल्या. बाकीच्या तळाशी गेल्या, म्हणजे जगल्या.

लोक गेल्यावर मी नत्थूजींजवळ काठावर बसलो. जरा चिडूनच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, असं पाणी नासतं ते? मग पहिला घास पाण्यात टाकला काहून?"

त्यांनी धोतराचा ओला सोगा पिळला.

"माझा बाप त्या धरणाखाली हाये," ते म्हणाले. "गाव बुडालं आमचं. घर, वावर, बापाले जाळलं ते नदीकाठ, सगळं. तिथं कावळा कुठून येईन गा?"

त्यांनी पाण्यावर तरंगणारा वड्याचा एक तुकडा उचलून बाहेर टाकला.

"मोजणीच्या पार्टीत मीच होतो. पाणी कुठवर येईन त्याच्या खुंट्या गाडायच्या. आमच्या वावरात मीच गाडली. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, ती उपटली, माझ्या हातात देल्ली, अन् घरात गेला. अकरा वर्षं झाले. बोलला नाही. माझ्या घरचं पाणी पेला नाही."

मग त्यांनी सांगितलं. वावरातल्या वांग्याचं बियाणं वहिनींनी दर साली कुंडीत लावून जपलं होतं. दादांना मोबदल्यात मिळालेल्या जमिनीत ते वांगं धरलं नाही. "या मासोळ्या आमच्या वावरावर चरून आल्या," नत्थूजी म्हणाले. "याइच्या पाण्यात ते वांगं झालं, तर दादाले पाठवीन म्हटलं. मरून गेल्या असत्या तर काय पाठवलं असतं?"

पावसाळ्यात ड्रममध्ये वांगी लावली. हिवाळ्यात फळं आली, हिरवी, लांब, पांढऱ्या रेघांची. दर सोमवारी नत्थूजी टोपली भरून एसटीने दादांना पाठवत. दर गुरुवारी टोपली रिकामी परत येई. चिठ्ठी नाही, निरोप नाही. "खाल्ली म्हणायची का फेकली?" वहिनी विचारत. नत्थूजी टोपली झटकून पाहत आणि पुन्हा भरत.

संक्रांतीनंतर एका सकाळी टोपली आली, ती एका म्हाताऱ्याच्या हातातून. नत्थूजींसारखंच नाक, उंची मात्र वीतभर जास्त. कोणाशी न बोलता तो थेट परसात गेला. मी भिंतीवरून पाहत होतो. तुम्हीही पाहिलं असतं. वहिनी दारात पदर धरून उभ्या. नत्थूजींची छडी बगलेत.

म्हाताऱ्याने हौदात वाकून पाहिलं. पंप पाहिला. नळी कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत गिरवलं. मग ड्रमपाशी गेला आणि नव्या लावणीची रोपं निरखू लागला.

"इतके दाटून लावते का बे, नत्थ्या?"

आमच्या गल्लीत नत्थूजींना कोणी नत्थ्याच काय, नत्थूसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

"चुकलं, दादा," नत्थूजी म्हणाले.

"मंग हे मधलं काढ. तिकडं लाव."

"मरते न ते."

"नाही मरत," दादा म्हणाले आणि गिट्टीवर बसकण मारली. "मुळं धरून हळू काढ. वांगं दुसरीकडं लावलं तरी जगते. चार दिवस मान टाकते, मंग उठते." मग दाराकडे वळून म्हणाले, "बाई, पाणी आन वं जरा. लांबून आलो."

वहिनी आत पळाल्या. मी भिंतीवरून खाली उतरलो.