जागृतीस अपात्र

आमच्या शहराच्या कडेला एक पाणथळ जागा आहे. ती वाचवायची असे सरकारने ठरवले आणि त्यासाठी उघडलेल्या कार्यालयात मी लोकसहभाग अधिकारी म्हणून रुजू झालो. त्या पाण्याशी माझा जुना संबंध होता. आई गेल्यावर मावशीने मला वाढवले, ते तिथले लव्हाळे कापून आणि चटया विणून. पोहायलाही मी तिथेच शिकलो. नोकरीच्या अर्जात यातले काहीच लिहिले नाही. अधिकारी व्हायचे तर पाटी कोरी असलेली बरी, एवढे शहाणपण मला तेव्हाही होते.

पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारले, तरुण आणि स्थानिक लोक जागृत झाले हे आपण वर सिद्ध कसे करणार? मी दोन दिवस डोके खाजवून तोडगा काढला. प्रशिक्षणाआधी एक चाचणी घ्यायची, प्रशिक्षणानंतर पुन्हा तीच घ्यायची. नंतरच्या गुणांतून आधीचे गुण वजा केले की उरते ती जागृती. साहेब खूश झाले. फक्त त्यांना एक शंका आली, की एखाद्याला आधीच वीसपैकी वीस मिळाले तर त्याची जागृती शून्य भरणार आणि कार्यालयाची सरासरी घसरणार. तेव्हा अशा लोकांना घेऊच नये, हेही मीच सुचवले. पाचपेक्षा जास्त गुण मिळवणारा उमेदवार ‘जागृतीस अपात्र’ ठरला. झोपलेल्याला उठवता येते, जाग्याला काय उठवणार, असे मी म्हणालो आणि टाळ्या घेतल्या.

चाचणीला कॉलेजांतून झुंबड उडाली. ‘पाणथळ म्हणजे काय’ या प्रश्नाला एकाने ‘पाइप फुटलेली जागा’ असे उत्तर लिहिले. त्याला एकूण शून्य गुण पडले, म्हणून त्याला संघप्रमुख नेमले. एका मुलीला मात्र सगळ्या पक्ष्यांची नावे येत होती. ती रोज सकाळी वही घेऊन पाण्याकाठी बसते, असे चौकशीत निष्पन्न झाले. तिला समज देऊन घरी पाठवले.

स्थानिकांच्या चाचणीला मावशी आली. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. कोणता पक्षी कुठे अंडी घालतो, लव्हाळे कधी कापायचे, किती राखायचे, सगळे बरोबर लिहिले होते. शिवाय पाणी उत्तरेकडून नव्हे, ओढ्याच्या तोंडातून येते, अशी आमच्याच प्रश्नपत्रिकेतली चूक तिने दुरुस्त केली होती. वीसपैकी एकवीस झाले. नियम म्हणजे नियम. पास झाल्याबद्दल मी सख्ख्या मावशीला बाद केले. नात्यागोत्याला थारा न देणारा माणूस, असे कार्यालयात माझे नाव झाले.

पुढची पायरी ओघानेच आली. इतक्या नाजूक जागेत अजागृत माणसे शिरू नयेत म्हणून कुंपण घातले आणि ओळखपत्र सक्तीचे केले. ओळखपत्र अर्थातच प्रशिक्षितांना. मावशी कोयता घेऊन फाटकाशी गेली, तेव्हा पहारेकऱ्याने तिला परत पाठवले. ती तडक माझ्या घरी आली.

“अरे, या महिन्यात कापलं नाही तर ओढ्याचं तोंड बुजेल. आणि मी विणू काय, तुझी परिपत्रकं?”

विषय विचाराधीन आहे, असे मी तिला सांगितले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण चहा झाल्यावर जरा बरे वाटले.

प्रशिक्षण सभागृहात झाले, कारण पाणथळीत तरुणांचे बूट खराब होतात. चिखलाची कल्पना यावी म्हणून तपकिरी गालिचा अंथरला होता. नंतरच्या चाचणीत झाडून सगळ्यांना वीसपैकी वीस मिळाले. साहेबांना पुरस्कार मिळाला आणि मला समारंभात तिसऱ्या रांगेतली खुर्ची.

लव्हाळे कोणी कापलेच नाही. ते माजले, पडले, ओढ्याच्या तोंडाशी कुजले. गाळ साचला, पाण्याने दुसरी वाट धरली, पक्षी उडून गेले आणि मग उरलेसुरले लव्हाळेही वाळले. पाणथळीत आता पाय ओले होत नाहीत, सबब युवा सहभाग वाढेल, असा अहवाल संघप्रमुखाने दिला. मी त्यावर ‘सहमत’ असा शेरा मारला. वर्षभरात मावशीच्या हातून एक चटई विणून झाली नाही. मी तिच्याकडे दर महिन्याला किराणा पाठवत होतो. तो ती शेजारणीला देऊन टाकत होती.

दुसऱ्या वर्षी मावशी पुन्हा चाचणीला बसली. तिचा पेपर पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. प्रत्येक प्रश्नापुढे एकच उत्तर होते: ‘ठाऊक नाही.’ शून्य गुण! शेवटी मावशीलाही व्यवहार कळला, असे मनात म्हणत मी तिच्या डोक्यावर कार्यालयाची टोपी घातली, गळ्यात ओळखपत्र अडकवले आणि मोठ्या आवाजात तिचे कौतुक केले.

“पाणथळ कुठं आहे, याला ठाऊक नाही लिहिलं. तुला वाटलं सोंग केलं,” ती म्हणाली. “काल कुंपणातून बघितलं मी. जन्म गेला तिथं, पण पाणी कुठं होतं तेच सांगता येईना. खरंच ठाऊक नाही रे आता.”

मला लाज वाटली. इतकी वाटली, की तिची उत्तरपत्रिका मी दोन वेळा तपासली. शून्यच होते. प्रशिक्षणानंतर तिला वीसपैकी वीस मिळाले आणि आमच्या कार्यालयाच्या इतिहासात याहून जास्त जागृती कुणाचीच भरलेली नाही.

यंदाची भरती सुरू झाली आहे. पहिला प्रश्न फोडायला हरकत नाही: तुमच्या घरापासून सर्वांत जवळची पाणथळ जागा कोणती, आणि तिच्यावर सध्या काय बांधले आहे? आठवत नसेल तर डोक्याला ताण देऊ नका. तुमची निवड झाली आहे.