सासूबाईंचं टिंब

क्विनने लग्नानंतर सासूबाईंना एकदाच हाक मारली होती आणि ती हाक घरात अजून गाजत होती. क्विन सायगॉनची. तिकडे आईला ‘मा’ म्हणतात ते आवाज वर चढवून, माडीवरच्या माणसाला बोलवावं तसं. ह्वेमध्ये, म्हणजे तिच्या सासरच्या शहरातही, आईला ‘मा’च म्हणतात, पण आवाज खाली दाबून, घशातच गिळून. लिहिताना त्या अक्षराखाली एक टिंब देतात. आणि आवाज ना वर, ना खाली, असा सपाट ‘मा’ म्हटला की त्याचा अर्थ होतो भूत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भरल्या घरात क्विनने सासूबाईंना पानावर बोलावलं, आणि घाबरल्यामुळे तिचा आवाज अगदी सरळ रेषेत बाहेर पडला.

“भूत, जेवायला चला,” असं ते झालं.

नणंद पोट धरून हसली. सासूबाई, म्हणजे दिएपबाई, हसल्या नाहीत. त्या मुकाट्याने येऊन जेवल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

तेव्हापासून क्विन ‘ऐकलंत का’, ‘हे बघा’ आणि ‘जरा इकडे’ यांच्यावर भागवत होती. आता ह्वेमध्ये धाकट्यांनी मोठ्यांना नात्याने हाक मारून ‘जेवा’ म्हटल्याशिवाय घास उचलायचा नसतो. क्विन वाडग्यात तोंड घालून “सगळ्यांनी जेवा” असं पुटपुटायची. सासूबाई तिच्याकडे बघायच्या, थोडं थांबायच्या आणि जेवायला लागायच्या. ते थांबणं क्विनच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकायचं.

क्विनचा धंदा वेबसाइट सजवण्याचा. आणि नाद इंटरनेटवरच्या अजब वस्तू गोळा करण्याचा. एका पानावर नुसता बटाटा होता, बोट लावलं की तो कूस बदलायचा. एका गृहस्थाने जगभरच्या वाकड्या नळांचे फोटो लावले होते. असलं काही सापडलं की क्विन ते ‘अडगळ’ नावाच्या ग्रुपवर टाकायची. तिथे तिच्यासारखेच रिकामटेकडे पण पोटापाण्याला लागलेले डिझायनर जमलेले असत. नवरा त्वान हॉटेलात नोकरीला होता. बायको खुर्चीत बसून बटाटा का फिरवते हे त्याने आईला दोनदा समजावलं आणि मग नाद सोडला.

घराच्या पुढच्या खोलीत सासूबाईंची खाणावळ होती. शिंपल्यांचा भात आणि बशीत वाफवलेले, तांदळाच्या पिठाचे बान बेओ खावेत तर त्यांच्याच हातचे. पण पाहुणे हल्ली नदीपलीकडच्या चकचकीत जागांकडे वळत होते. सासूबाई दुपारभर पंख्याखाली बसून रस्त्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत, फक्त तांदूळ रोज थोडे कमी भिजत घालायच्या.

“क्विन साइट करून देईल,” एक दिवस त्वान म्हणाला.

क्विनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तोंडाला जमत नव्हतं ते पडद्यावर जमण्यासारखं होतं. तिने नाव ठरवलं, ‘माच्या हातचा भात’. त्यात ‘मा’ एवढा मोठा की साऱ्या देशाने बघावा. म्हणजे निदान लिहून तरी हाक मारल्यासारखं होईल.

सासूबाईंनी नाव ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्या एवढंच म्हणाल्या, “टिंब नीट दे म्हणजे झालं.”

क्विनने जीव ओतला. नावासाठी तिने अडगळीतून एक फाँट काढला. पोर्तुगालच्या कुणा निवृत्त बस कंडक्टरने सार्डिनच्या जुन्या डब्यांवरची अक्षरं बघून तो काढला होता. अक्षरं अशी गुबगुबीत, की बघून भूक लागावी. त्या बापड्याच्या भाषेत अक्षराखाली टिंब देत नाहीत, म्हणून फाँटमध्ये ते नव्हतं. क्विनने ते स्वतः काढलं, गोल, टपोरं, आणि ‘मा’खाली ठेवून दिलं. नाव एका लाल पट्टीत बसवलं. पट्टीबद्दल तिचं एक तत्त्व होतं. अक्षरांना मोकळी जागा डावीउजवीकडे द्यावी, खाली देऊ नये, खाली जागा दिली की अक्षरं पाय सोडून बसल्यासारखी दिसतात. तिच्या मोठ्या पडद्यावर पट्टी झकास दिसत होती. फोनवर मात्र पट्टी केसभर आखडायची आणि खालचं टिंब तेवढं कापलं जायचं. फोनवर तिने साइट पाहिली, पण कुठे, तर भाताच्या फोटोपाशी. नाव तर बरोबरच होतं, ते काय बघायचं.

सातवा महिना, म्हणजे भुतांचा महिना लागला की ह्वेमध्ये कुणी नवं काही सुरू करत नाही. म्हणून साइट आदल्या दिवशीच सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी खाणावळीचा फोन वाजला.

“भुताच्या हातचा भात मिळतो तो तुमच्याकडेच ना?” पलीकडून एका मुलीने विचारलं.

सासूबाईंनी ऐकलं ते सपाट ‘मा’, आणि त्यांच्या लेखी सायगॉनचा ‘मा’ म्हणजे क्विनने मारलेली ती हाक. “इथेच. या,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून त्वानकडे वळल्या. “सायगॉनची दिसते. सूनबाईसारखंच बोलते.”

दुपारी सहा-सात पोरं-पोरी आली. दुसऱ्या दिवशी बाहेर स्टुलं टाकावी लागली. सगळेच सपाट बोलत होते. सासूबाईंना वाटलं, आख्खं सायगॉन सुट्टीवर आलंय. एका मुलाने भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवून फोटो काढला, तेव्हा मात्र त्या खवळल्या. तशा काड्या मेलेल्यांच्या पानात रोवतात.

“अरे, घरी काही शिकवलंय की नाही?”

“सॉरी, आजी. पण इथे तसंच शोभतं ना?” मुलगा म्हणाला. “मा कुठे आहे? तिला भेटता येईल का?”

सासूबाई नुकत्याच पीठ कालवून उठल्या होत्या. केस सुटलेले, अंगात पांढरा सदरा, आणि दोन्ही गालांवर तांदळाचं पीठ.

“मीच ती,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी हळूच फोन वर केला.

“किती वर्षं आहात इथे?” एका मुलीने अदबीने विचारलं.

“लग्न होऊन आले तेव्हापासून. सगळे गेले. सासू गेली, सासरा गेला, मालक गेले. मी काही जागा सोडली नाही.”

“आणि स्वयंपाक?”

“सगळी झोपली की मी उठते. चूल पेटवते. आवाज म्हणून होऊ देत नाही.”

“भीती नाही वाटत लोकांना?”

“भीती कसली? एकदा या दारात आलेल्या माणसाला मी जेवल्याशिवाय सोडत नाही,” सासूबाई म्हणाल्या. मुलीच्या अंगावर काटा आला आणि तिने आणखी एक ताट मागवलं.

क्विनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मागच्या खोलीत एका दंतवैद्याच्या साइटसाठी हिरवा रंग शोधत बसली होती. दार लोटलेलं, कानात गाणी. खाणावळीतली गर्दी तिला कळत होती आणि त्याचं श्रेय ती पट्टीला देत होती. मधेच विरंगुळा म्हणून तिने ‘अडगळ’ उघडली. कुणीतरी नवीन शोध टाकला होता: ‘भुतांचा महिना लागला आणि ह्वेमध्ये भुताने खाणावळ टाकली. डिझायनरच्या धाडसाला सलाम. रक्ताळलेली पट्टी तर कहर आहे.’ खाली हसण्याचा नुसता पाऊस पडला होता. क्विनही खो खो हसली. “बिचारं गिऱ्हाईक,” असं तिने लिहिलं, पाठवलं, आणि मग चित्र मोठं करून पाहिलं.

सार्डिनची अक्षरं होती. लाल पट्टी होती. टिंब नव्हतं.

बोलून एकदा म्हटलं ते चुकून. आता लिहून, साऱ्या जगापुढे, लाल रंगात सासूला भूत म्हटलं, तेही या महिन्यात. हे चुकून झालं असं कोण मानणार? सासूबाई तर मुळीच नाही. तिने धडाधड पट्टी वाढवली, टिंब दिसू लागलं, आणि ती अनवाणीच पुढे धावली. सासूबाईंना दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

पण शेजारच्या न्हानआत्या आधीच पोचल्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं तेज.

“मी म्हटलं, तुला कुणीतरी सांगायला हवं,” न्हानआत्या म्हणत होत्या. “हल्लीच्या सुना तोंडावर बोलत नाहीत, कॉम्प्युटरवर बोलतात.”

सासूबाईंनी फोन लांब धरून वाचला. जवळ आणून वाचला. काल-परवाच्या सगळ्या गप्पा त्यांच्या डोक्यात एकेक करून उलट्या फिरल्या असाव्यात, कारण त्यांनी हळूच गालाला हात लावला आणि बोटाला लागलेलं पीठ पाहिलं. मग फोन परत देऊन त्या आत स्वयंपाकघरात गेल्या. क्विन मागोमाग गेली.

सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. क्विनला कारण सांगायचं होतं. कंडक्टर, पट्टी, फोनचा पडदा, सगळं सांगायचं होतं. पण रडू आलं आणि आवाज घशातच बुडाला.

“मा, चुकलं माझं,” ती म्हणाली.

सासूबाई वळल्या. “काय म्हणालीस?”

“चुकलं.”

“ते नव्हे. त्याच्या आधी.”

क्विनने डोळे पुसले. “मा.” आवाज पुन्हा खाली गेला, दबला, गिळला गेला. अस्सल ह्वेचा. इतके महिने आरशासमोर घोकूनही आला नव्हता तो.

सासूबाई जेवताना थांबायच्या तशाच थांबल्या, पण या वेळी त्यांना हवं ते मिळालं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी टोपलीतले शिंपले उगाचच खालवर केले.

“त्या तुझ्या साइटवर टिंब दिलंस का आता?”

“हो. आत्ताच देऊन आले.”

“काढ.”

“काढू?”

“उद्या चाळीस माणसं येणार आहेत, भुताकडे जेवायला. आईच्या हातचं जेवायला कोण येतं? ते प्रत्येकाच्या घरी फुकट मिळतं.” सासूबाईंनी तांदळाचं पातेलं ओढलं आणि बऱ्याच दिवसांनी काठोकाठ भरलं. “संध्याकाळी दारात खऱ्या भुतांसाठी पेज ठेव, मीठ ठेव. त्यांच्या नावावर धंदा करायचा तर त्यांचा वाटा द्यायला हवा.”

“पण मा, लोक तुम्हाला भूत म्हणतील.”

“म्हणू देत. टिंब तुझ्या तोंडात राहिलं म्हणजे झालं.”

बाहेरून कुणीतरी सपाट आवाजात हाक मारली. सासूबाईंनी पिठाच्या डब्यात बोटं बुडवली, दोन्ही गालांवर जरा ठसठशीत ओढली, अंबाडा सोडला आणि पडदा सारून बाहेर गेल्या.