डुकरांच्या खोपटाचं अपील

कौन्सिलनं अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं तेव्हा मॉरीन जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून गुडघे चोळत होती. न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि तिचे गुडघे आता वर यायला तयार नव्हते. परसातलं डुकरांचं पडकं खोपटं पाडून तिथं न्हाणीघर बांधावं, एवढीच तिच्या नवऱ्याची, क्लिफर्डची मागणी होती. पण कुंपणापलीकडे गावाचा कायद्यानं जपलेला जुना भाग सुरू होई. 'मोकळ्या जागेवर बांधकाम आल्यास चर्चच्या आवारातून दिसणारा देखावा बिघडेल,' असं पत्रात होतं.

"मोकळी जागा? मग खोपटं काय हवेत तरंगतंय?" मॉरीन म्हणाली. "अपील कर तू."

क्लिफर्डला भांडण जमत नसे. पण चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेली. जुने कागद शोधणं जमत असे. तिथं पूर्वीपासून बांधकाम होतं, एवढंच दाखवायचं होतं. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात एका नकाशात खोपटं सापडलं. मग त्याहून जुन्या नकाशात. मग १७८४ सालच्या एका पाद्र्याच्या रोजनिशीत, चक्क डुकरिणीच्या नावासकट. दोन पानांचं अपील एकेचाळीस पानांवर गेलं.

"अपील लिहितोयस की डुकरांची वंशावळ?"

"थोडंच राहिलंय, मॉरीन."

अपिलाचा निकाल देणाऱ्या सरकारी निरीक्षकबाई पाहणीला आल्या. पाहणीत कुणी बाजू मांडायची नाही, फक्त बोटानं दाखवायचं, असा नियम होता. क्लिफर्डला तो फारच आवडला. गावाच्या इतिहास मंडळाच्या मिसेस हॅलम अर्जाला विरोध करायला आल्या होत्या. पण त्यांच्या काखेत क्लिफर्डची एकेचाळीस पानं होती आणि डोळे पाणावलेले.

"क्लिफर्ड, काय रत्न शोधलंत हो!"

"बोलायचं नाही, बाई," निरीक्षकबाई म्हणाल्या.

महिन्याभरानं निकाल आला. अपील नामंजूर. अर्जदारानं स्वतःच दिलेल्या भक्कम पुराव्यावरून खोपटं इतकं जुनं ठरत होतं, की ते पाडायला परवानगी देता येत नव्हती.

"म्हणजे तूच..."

"हो."

मॉरीन रेलिंगला धरून एकेक पायरी चढत वर गेली. क्लिफर्डला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मिसेस हॅलम केक घेऊन आल्या. "अहो, असं पडकं ठेवलं तर दोन हिवाळ्यांत कोसळेल! दुरुस्त करून वापरा. तसा अर्ज करा, मंडळ पाठीशी उभं राहील."

"वापरायचं कशासाठी?" क्लिफर्डनं भीत भीत विचारलं.

"कशासाठीही. डुकरं तेवढी नकोत."

अर्ज मंजूर झाला. अटी दोन: आतली डुकरांची दगडी गव्हाण जागची हलवायची नाही, आणि वर्षातून एका शनिवारी गावकऱ्यांना वास्तू पाहू द्यायची.

त्या शनिवारी दहा वाजता मिसेस हॅलम अकरा जणांना घेऊन परसात हजर झाल्या. खोपटाचं दार आतून बंद होतं.

"कोण आहे?" आतून मॉरीनचा आवाज आला.

"इतिहास मंडळ!"

"मग थांबा जरा. आत्ताच टबात बसलेय."

कुणी कुरकुर केली नाही. सगळे शिस्तीत रांगेत उभे राहिले. क्लिफर्ड त्यांच्यासाठी चहा घेऊन आला, तेव्हा मॉरीननं गरम पाण्याचा नळ पुन्हा सोडला होता.