नकाशेवाल्याची सोबतीण

"सोबतीण कशी असावी हे मला विचारा," दाताचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगत. "तिला धावता आलं पाहिजे, किंचाळता आलं पाहिजे आणि नेमक्या वेळी दोर कापता आला पाहिजे. बाकी सगळं मेकअपवाले बघतात."

पेशंट मान हलवत. तोंडात आरसा, कापसाचे बोळे आणि डॉक्टरांची दोन बोटं असताना माणूस दुसरं काय करणार? गेल्या कित्येक वर्षांत डॉक्टरांचं म्हणणं कुणी खोडलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला या विषयातलं सगळं कळतं अशी त्यांची पक्की खात्री झाली होती.

विषय होता टीव्हीवरच्या एका मालिकेचा. ती सव्वीस वर्षं चालू होती. एक नकाशेवाला जुन्या होडीत बसून ताऱ्याताऱ्यांवरून फिरतो आणि आभाळाचा नकाशा काढतो, एवढीच गोष्ट. नकाशा काही पुरा होत नव्हता आणि नकाशेवाल्याच्या मिशांचा कलप दर वर्षी जास्त काळा होत चालला होता. पण त्याच्या होडीत नेहमी एक सोबतीण असे. दोन-तीन वर्षांनी ती उतरायची आणि दुसरी यायची. एक नर्स झाली, एक हद्दपार राणी झाली, एक पत्र्याची यंत्रबाई झाली. सध्या बसमधली कंडक्टरबाई होती आणि या हंगामाच्या शेवटच्या भागात तीही उतरणार अशी कुणकुण होती.

डॉक्टर ही मालिका एकटे कधीच पाहत नसत. शेजारी बायको असे. ती मटार सोलत असे, बटणं लावत असे आणि विचारत असे. "अहो, हा मघाचाच का?" "तो मेला होता ना?" "ही रडतेय की हसतेय?" डॉक्टर लगेच आवाज बंद करत आणि सांगायला बसत. ग्रह कसे फिरतात हे दाखवायला वाटीतले चार मटार उचलत. बायको सगळं ऐकून घेई, मटार परत वाटीत टाकी आणि पुढच्या रविवारी तेच विचारी. "हिला यातलं काडीचं कळत नाही," असं डॉक्टर सगळ्यांना कौतुकाने सांगत.

मग मुलीला परदेशात बाळ झालं आणि बायको तिकडे गेली. जाताना थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली. एका रविवारी, मालिका सुरू व्हायच्या अगदी तोंडावर, मुलीचा फोन आला.

"बाबा, आई अजून सहा महिने राहिली तर तुमची पंचाईत होईल का?"

"छे गं. माझं इथे काय अडतंय?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला, कारण होडी दिसायला लागली होती.

त्या दिवशी नकाशेवाला तीन चंद्रांच्या ग्रहावर उतरला. तिथे एक माणूस झाडामागून बाहेर आला. हा माणूस गेल्याच भागात मेला होता. डॉक्टरांनी सवयीने आवाज बंद केला आणि वळून म्हणाले, "आता ऐक." शेजारी उशी होती. उशीला सांगून पाहावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस जिवंत कसा झाला ते त्यांनाही माहीत नाही. इतकी वर्षं बायको विचारी आणि उत्तर सांगता सांगता त्यांना सुचत जाई. कुणी विचारलंच नाही, तर सुचणार कुठून? त्यांनी टीव्ही मधेच बंद केला. घर एवढं मोठं कधी झालं, ते त्यांना कळेना. त्यांना बायकोची फार आठवण आली. पण "राहू दे" म्हणून बसलेल्या माणसाने लगेच फोन करून "राहू देऊ नको" कसं म्हणायचं? डॉक्टरांनी त्यावर उपाय काढला. शेवटचा भाग येईपर्यंत बदली सोबत शोधायची!

पहिला आला मेहुणा. तो हौशी होता, गप्पिष्ट होता, चहाचं पाणीही स्वतः ठेवायचा. पण त्याने सगळे भाग कॉम्प्युटरवर आधीच पाहिले होते.

"भावोजी, आता बघा हं, तो दरवाजा उघडेल."

दरवाजा उघडला.

"आता ती म्हणेल, मी तुम्हाला ओळखत नाही."

ती म्हणाली.

"अरे, पण मला विचार ना काहीतरी," डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणाले.

मेहुण्याने बराच विचार केला आणि विचारलं, "बिस्किटं आहेत का?"

पुढच्या रविवारी खालच्या मजल्यावरचे वकील आले. त्यांनी प्रश्न विचारले, अगदी भरपूर विचारले. होडीला परवाना कुणी दिला? राणीला हद्दपार करण्यापूर्वी नोटीस बजावली होती का? नकाशेवाला स्वतः काही पाहत नाही, सगळं सोबतीण पाहते, मग नकाशावर सही त्याची कशी? डॉक्टर उत्तर द्यायला लागले की वकील हात वर करून म्हणत, "हो की नाही, एवढंच सांगा." भाग संपला तेव्हा डॉक्टरांना आपण काहीतरी कबूल करून बसलोय असं वाटत होतं.

अशा रीतीने शेवटचा भाग येऊन ठेपला आणि डॉक्टरांना एक नामी कल्पना सुचली. त्यांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. त्यांनी टीव्ही तिकडे नेला, खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगला आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला. बाईंच्या दाढेचं रूट कॅनल अर्धं झालं होतं.

"रविवारी संध्याकाळी?" बाई म्हणाल्या. "डॉक्टर, एवढी घाई आहे का?"

"फार वाट पाहून चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी दाढेबद्दल म्हटलं नव्हतं, एवढंच.

बाई आल्या. डॉक्टरांनी दाढ बधिर केली, तोंडात रबराचा पडदा ताणून बसवला, ओठाच्या कडेला लाळ ओढायची नळी अडकवली आणि टीव्ही लावला. मदतनीस सिस्टरची सुट्टी होती, त्यामुळे शहाणपणाचे दोन शब्द बोलेल असं खोलीत कुणी नव्हतं.

होडी एका धक्क्याला लागली. कंडक्टरबाईने आपली चामड्याची पिशवी खांद्याला लावली.

"आँ?" खुर्चीतून आवाज आला.

डॉक्टर थरारले. बायको विचारायची तेव्हा शेवट असाच वर जायचा!

"सांगतो ना," ते म्हणाले. "ही मुळात बसमध्ये होती. नकाशेवाला बिनतिकीट सापडला, म्हणून ती त्याच्या मागे धावली, ती थेट होडीतच चढली." सांगण्याच्या भरात ते पुढे झुकले. पुढे झुकताना त्यांचा पाय खुर्चीच्या पेडलवर पडला आणि खुर्चीची पाठ हळूच थोडी खाली गेली.

"आँ, आँ?"

"का उतरतेय, हेच ना? मला वाटलंच तुम्ही विचाराल." पाठ आणखी खाली गेली. डॉक्टर इतके खुलले होते की सव्वीस वर्षांचा इतिहास घडाघडा बाहेर पडायला लागला. नर्स का गेली, राणी का रुसली, यंत्रबाईला गंज कसा चढला. प्रत्येक सोबतिणीच्या निरोपाला ते पुढे झुकत आणि प्रत्येक झुकण्याला बाईंचं डोकं खाली आणि पाय वर जात. बाईंनी हात वर केला. आयुष्यभर मुलांना हात वर करायला लावलेल्या बाई त्या, त्यांनी अगदी नियमाने हात वर केला.

"हां, विचारा," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी आपल्या पावलांकडे बोट दाखवलं. पावलं आता टीव्हीच्या आड येत होती.

"बरोबर, दिसत नाहीये. जरा पाय बाजूला घेता का?"

बाईंचा चष्मा कपाळावर सरकला. पर्स उलटी झाली आणि त्यातले खडू फरशीवर घरंगळत गेले. लाळेची नळी ओठावरून निसटून बाईंच्या पदराला चिकटली आणि पदर सुर्र करत ओढू लागली. तेवढ्यात बाईंनी एका हाताने रबराचा पडदा उपटला, बधिर झालेल्या अर्ध्या तोंडाने फक्त "फ" हे एक अक्षर उच्चारलं आणि खुर्चीवरून डोक्याकडच्या बाजूने खाली उतरल्या. डॉक्टर पेडल शोधायला वाकले, खडूवरून घसरले आणि टीव्हीच्या वायरीसकट खाली बसले. पडद्यावर अंधार झाला.

डॉक्टरांनी बाईंना पाणी दिलं, दाढेवर औषध भरलं आणि वारंवार माफी मागितली. बाई काही बोलल्या नाहीत. बोलताच येत नव्हतं. त्या गेल्या आणि डॉक्टर बंद टीव्हीसमोर, सरळ केलेल्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसले. कंडक्टरबाईचं काय झालं ते आता त्यांना कधी कुणी सांगणार नव्हतं. मेहुण्याला विचारायचं म्हणजे जन्मभराचं ऐकून घेणं आलं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. बायको होती.

"मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "जीभ आत्ता कुठे वळायला लागलीय म्हणाल्या. तुम्ही त्यांना उलटं टांगलंत म्हणे."

"टांगलं नाही. थोडं तिरकं झालं."

"आणि तुम्ही एकटेच बोलत होतात म्हणे, त्यांना काही कळेना. घाबरल्या होत्या त्या. तब्येत बरी आहे ना तुमची?"

"मला काय धाड भरलीय," डॉक्टर म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरी आहे."

"बरं, मला एक सांगा. ती कंडक्टरबाई उतरली ती कायमची का हो?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. इतके दिवस ज्या प्रश्नासाठी ते घर आणि दवाखाना एक करत होते, तो प्रश्न फोनमधून आपल्या पायांनी चालत आला होता, आणि उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी पाहिलं नाही. तू सांग."

डॉक्टरांनी असं आजवर कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तिलाही सुरुवात कुठून करावी कळेना.

"मी काय सांगणार? ती उतरली. धक्क्यावर उभी राहिली. होडी लहान लहान होत गेली तरी ती उभीच. आणि त्या मेल्याने एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. सव्वीस वर्षं आभाळ मोजतोय, पण एवढं कळत नाही त्याला? तुम्हीही नाही पाहिलंत विमानतळावर. पिशव्या दिल्यात आणि तरातरा निघालात."

"पाहिलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"कधी?"

"तू काचेच्या आत गेलीस तेव्हा. मी खांबामागे होतो. तू पार दिसेनाशी होईपर्यंत होतो."

"मग हात करायचा की."

"हातात तुझी पाण्याची बाटली राहिली होती. आता ती कशी द्यायची, त्या विचारात होतो."

"अगं बाई, ती तुमच्याकडे? मी विमानात सगळीकडे शोधली."

"इथेच आहे. रोज भरून ठेवतो."

"कशाला?"

डॉक्टरांनी उत्तर शोधून पाहिलं. मग तो नाद सोडून ते म्हणाले, "तू ये गं आता."

"तिकीट कालच बदललं हो," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, राहू दे म्हणून. आता बाळाचं पाळणाघर सुरू होईपर्यंत निघता येणार नाही."

"हो. म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. फोन ठेवायचा त्यांना धीर होईना. काहीतरी विचारावं, म्हणजे ती बोलत राहील, असं त्यांना वाटलं. पण विचारायची सवय नव्हती, त्यामुळे जे पहिलं सुचलं ते त्यांनी विचारलं. "जेवलीस का?"

"अहो, इथे पहाट आहे. सगळे गाढ झोपलेत."

"मग तू कशी गं जागी?"

"दर रविवारी गजर लावून उठते," ती म्हणाली. "तुमच्याकडे मालिका लागते ना, तेव्हा."

"पण तुला तर त्यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत," बायको म्हणाली. "इथे कुणाला विचारणार?"